काटासाहेबांची तपासलेली यादी

"आपली मुदत संपली आहे," असं संगणकाने सकाळी नऊ वाजता काटासाहेबांना सांगितलं. सेवानिवृत्त होऊन दोन वर्षं झालेल्या माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि वाक्य पुन्हा वाचलं. ते तसंच होतं.

"काय म्हणतोय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"मुदत संपली म्हणतोय."

"कुणाची?"

"तेच बघतोय."

मुदत पानं जोडायच्या प्रोग्रॅमची संपली होती. बायकोला माहेरच्या जुन्या पत्रांची तेहेतीस पानं एकत्र जोडून थोरल्या बहिणीला पाठवायची होती. सोळा पानं झाल्यावर प्रोग्रॅमने हात आखडता घेतला आणि पुढच्या सतरा पानांसाठी 'मला विकत घ्या' अशी गळ घालायला सुरुवात केली.

"आधी पारडं खाली झुकवून दाखवायचं आणि गिऱ्हाईक वळलं की काढून घ्यायचं," काटासाहेब म्हणाले. "हे मी चांगलं ओळखतो."

ओळखणारच. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खात्यात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'काटासाहेब'. पुढे पुढे तोंड आणि पाठ यांतला फरक मिटला. बाजाराच्या एका टोकाला त्यांची सायकल दिसली की दुसऱ्या टोकापर्यंतची सगळी वजनं आपोआप खरी होत. निवृत्तीनंतर सायकल तीच राहिली, माणूसही तोच राहिला, फक्त वजनं खरी होईनाशी झाली. मध्यंतरी एका भाजीवालीने त्यांच्या डोळ्यांदेखत पारड्याला करंगळी लावली आणि वर हसून "घ्या, काका" म्हणाली. त्यांना करंगळीपेक्षा 'काका' जास्त लागलं.

तेव्हापासून त्यांचं एकच दुखणं होतं. आपल्याला कोणी काही विचारत नाही. जावई विचारत नाही, शेजारी विचारत नाहीत, रस्त्यात पत्ता विचारणारा माणूससुद्धा त्यांना ओलांडून पुढच्या पोरगेल्या माणसाला विचारतो. काहीही चालेल, पण कोणी तरी दारात येऊन म्हणावं, "साहेब, जरा तुमचा सल्ला हवा होता." त्यासाठी त्यांची कशालाही तयारी होती, आणि ती किती महागात पडते ते आता येईलच.

तर पानं जोडणारं, मुदत न संपणारं आणि दमडी न मागणारं असं काही जगात आहे का, हे शोधायला काटासाहेब बसले. जगात असं पुष्कळ आहे, ही पहिली बातमी. त्यातलं निम्मं खोटं आहे, ही दुसरी. पहिल्या बातमीने त्यांना आनंद झाला असेल, पण दुसरीने ते दहा वर्षांनी तरुण झाले.

त्यांनी वही उघडली. ज्या पानावरून प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, त्या पानावर 'डाउनलोड' असं लिहिलेलं एक भलंमोठं हिरवं बटण होतं. काटासाहेबांचा अनुभव असा, की दुकानदार जे वजन स्वतःहून पुढे करतो ते उलटं करून बघावं. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. हिरव्या बटणाच्या खाली, लाजल्यासारखी उभी, छोटी निळी अक्षरं होती. खरा प्रोग्रॅम तिथे होता. हिरवं बटण ही जाहिरातीला भाड्याने दिलेली जागा होती, आणि त्यामागून भलतंच काहीतरी घरात शिरत होतं. बरं, खरा प्रोग्रॅम घेतला तरी तो मध्येच हळूच विचारी, 'सोबत आमचा मदतनीसही हवा ना?' आणि त्यापुढच्या चौकटीत 'होय'ची खूण आधीच केलेली असे.

"न विचारता होय!" काटासाहेब ओरडले. "पारड्याच्या बुडाला मेण लावलंय, मेण!"

"मग खरवडा," बायको म्हणाली. तिला सतरा पानांची काळजी होती.

तिसऱ्या दिवशी पानं जोडली गेली, पत्रं बहिणीकडे पोचली, बहीण फोनवर पाऊण तास रडली, आणि बायकोने ही हकिकत तळमजल्यावरच्या आत्यांना सांगितली. या आत्या इमारतीत कुणाच्याच आत्या नव्हत्या, पण आत्याचे सगळे हक्क त्या सगळ्यांवर बजावत. त्या तिसरा मजला चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "साहेब, माझे सगळे फोटो तिरके आलेत. सरळ करणारं काही आहे का तुमच्याकडे? फुकटातलं?"

काटासाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली ती अशी, जणू खुर्ची दोन वर्षं त्यांचीच वाट बघत होती.

आत्यांचे फोटो सरळ झाले. मग पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांना रोग्यांच्या वेळा लिहून ठेवणारं काहीतरी हवं होतं, पण फुकट घ्यायला मन धजत नव्हतं.

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, साहेब. उद्या मी फुकट दात काढतो म्हटलं, तर तुम्ही बसाल का खुर्चीत?"

"तुम्ही फी घेतलीत तरी बसणार नाही."

"ते वेगळं," डॉक्टर म्हणाले, आणि प्रोग्रॅम घेऊन गेले.

त्या दिवशी काटासाहेबांनी 'फुकट' हा शब्द बाद केला. फुकट म्हटलं की माणूस इकडेतिकडे बघून घेतो. मोफत म्हटलं की रांग लावतो. विनामूल्य म्हटलं की मात्र ताठ उभा राहून अर्ज कुठे करायचा ते विचारतो. त्यांनी वहीवर लिहिलं, 'घरगुती संगणकासाठी उपयुक्त व विनामूल्य', आणि असं ठरवलं की ही विद्या जिन्यात वाया जाता कामा नये. ती बोर्डावर लागली पाहिजे.

बोर्ड म्हणजे जिन्याखालची काचेची पेटी. तिची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कमरेला असे. सेक्रेटरी आंघोळीला जाताना ती बाहेर ठेवतात की नाही यावर इमारतीत दोन मतं होती. काटासाहेबांचा पहिला अर्ज 'सेक्रेटरी यांस' अशी सुरुवात असल्याने परत आला. 'माननीय' हवं होतं. दुसरा परत आला, कारण अर्जापेक्षा विषय मोठा होता. तिसरा स्वीकारला गेला, पण पोच देण्याचं पुस्तक संपलं होतं, म्हणून तो अजून आला नाही असं समजण्यात आलं. काटासाहेबांना राग आला नाही. इतक्या शिस्तीत अडवणारा माणूस त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटत होता.

"खालचा डावा कोपरा," सेक्रेटरी शेवटी म्हणाले. "अर्धं पान. सोमवार ते रविवार. तेही प्रायोगिक. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. कोपरा तुमच्याकडे कायम ठेवायचा की काढून घ्यायचा, ते सभा ठरवेल."

"लोक ठरवतील," काटासाहेब खूष होऊन म्हणाले.

"लोक नाही. सभा."

यादी टाइप झाली तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. ती छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होती. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढणं हा तिचा धंदा आणि नवऱ्याच्या मजकुरातल्या काढणं हा विसावा. लग्न ठरल्यावर काटासाहेबांनी तिला मोठ्या धीराने एक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं ते त्याच पत्राच्या समासात, लाल शाईत. अकरा चुका. आणि तळाशी, 'बाकी मजकूर मान्य.' संसार त्या तीन शब्दांवर सुखाचा झाला होता, पण समास काटासाहेब विसरले नव्हते.

"नजर टाकू का एकदा?"

"गरज नाही. यादीत पहिला प्रोग्रॅमच शुद्धलेखन तपासायचा आहे. विनामूल्य."

बायकोने हातातली लाल पेन्सिल परत ठेवली. "बरं," ती म्हणाली.

"आणि बोर्डावर लागल्यावरही तू वाचायची नाहीस. उगाच जिन्यात लाल पेन्सिल काढशील."

"नाही वाचणार."

तिने शब्द पाळला. पुढचे सात दिवस ती बोर्डावरून जाताना मान पलीकडे वळवून भिंतीकडे बघत जायची. त्यामुळे भिंतीला काहीतरी झालंय असं वाटून दोघातिघांनी ओल आल्याची तक्रार केली.

यादीत नऊ प्रोग्रॅम होते. खाली सूचना होती. सगळ्याच्या खाली शिक्का होता, कारण सरकारी शिक्का खात्याला परत करावा लागल्यावर काटासाहेबांनी हौसेने नवा करून घेतला होता: 'तपासले'. सूचना अशी :

'प्रत्येक पानावर एक मोठे हिरवे बटण दिसेल. ते दाबून ये. नंतर खालची छोटी निळी अक्षरे दाबावीत.'

काटासाहेबांना लिहायचं होतं 'दाबू नये'. मधली मोकळी जागा एक अक्षर उशिरा पडली, एवढंच. तपासणाऱ्या प्रोग्रॅमने 'दाबून' पाहिलं, शब्द बरोबर होता. 'ये' पाहिलं, तोही बरोबर होता. दोन बरोबर शब्द शेजारी शेजारी बसून काय करताहेत, हे बघायचं काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. 'एकही चूक नाही,' तो म्हणाला. काटासाहेबांनी शिक्का मारला.

मंगळवारी सकाळी आत्या दारात उभ्या होत्या. घामाघूम.

"दाबून आले," त्या म्हणाल्या.

"या, या. बसा."

"बसत नाही. आता पुढे काय?"

"आता खालची निळी अक्षरं."

"एवढ्यासाठी तीन मजले चढवलंत होय?" आत्या पुटपुटत गेल्या.

दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आल्या. दाबून. संध्याकाळपर्यंत सात जण दाबून आले. काटासाहेबांनी जादा खुर्ची बाहेर काढली. बायकोने चहाचं मोठं पातेलं काढलं.

"सगळे 'दाबून आलो' का म्हणताहेत?" तिने विचारलं.

"भीड दाबून," काटासाहेबांनी खुलासा केला. "सल्ला मागायला यायचं म्हणजे माणसाला भीड वाटते. ती दाबून येतात. भाषा म्हणून छान आहे."

चौतीस वर्षांच्या अनुभवात बायकोने हा प्रयोग पाहिला नव्हता. पण न वाचायचा शब्द दिला होता, तेव्हा तिने पातेल्यात आणखी पाणी ओतलं.

डॉक्टर तेवढे जरा घुश्शात होते. "साहेब, वयाने मोठे आहात म्हणून ऐकलं. पण अरे-तुरे करायचं तर तोंडावर करा, बोर्डावर नको. मी पदवीधर माणूस आहे."

काटासाहेब मोठ्याने हसले. दातांच्या डॉक्टरांनी कधी तरी विनोद केला तर हसावं, या मताचे ते होते.

तो आठवडा काटासाहेबांच्या आयुष्यातला फार सुखाचा होता. म्हणजे बुधवारपर्यंत.

गुरुवारी डॉक्टरांच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंडाचा आ करून बसलेले असताना टेबलावरचा संगणक आपणहून बोलला. बाईचा आवाज, गोड, पण घाबरलेला. "सावधान! आत खोलवर चारशे बारा दोष सापडले आहेत. तात्काळ सगळं काढून टाका!" गृहस्थ उठले. गळ्यातला निळा कागद आणि गालातला कापूस तसाच ठेवून ते जिना उतरले, आणि पुढे बराच वेळ ते रस्त्यावरून जाताना दिसत होते.

गाण्याच्या बाईंचा संगणक दर चौथ्या मात्रेला टाळ्या वाजवू लागला. विद्यार्थिनींना ती दाद वाटली. त्यातली जी सगळ्यांत बेसूर होती तिने त्याच दिवशी जाहीर कार्यक्रम करायचं ठरवलं.

आणि आत्यांनी फोटो उघडले, की फोटोवर एक पेला येई आणि खाली अक्षरं, 'पोट सुटलंय? लाज वाटते? आमचा काढा घ्या.' पत्र लिहायला घेतलं तरी पेला. हवामान बघितलं तरी पेला. आत्या या वेळी तीन मजले कशा चढल्या हे त्यांनाही आठवत नाही.

"तुम्ही सांगितलंत त्याला!"

"कुणाला? काय?"

"माझ्या वजनाचं! तुमच्याशिवाय कोण सांगणार? जन्म गेला तुमचा लोकांची वजनं बघण्यात!"

"आत्या, मी फक्त दुकानातली..."

"माझं वय बघा आणि तुमचं खातं बघा!" असं म्हणून आत्या गेल्या. या वाक्याचा नेमका अर्थ काय यावर काटासाहेबांनी नंतर पुष्कळ विचार केला.

शुक्रवारी कोपऱ्यावरचा संगणक दुरुस्तीवाला स्वतः भेटायला आला. चाळिशीचा, अबोल माणूस. आजवर त्याने या इमारतीत कुणाला नमस्कार केला नव्हता. त्याने काटासाहेबांना वाकून नमस्कार केला.

"साहेब, दुकानात ठेवायला जागा नाही. चार मशिनं बाहेर बाकावर ठेवलीत. पुढची यादी कधी काढताय?"

काटासाहेबांनी दार लावून घेतलं. आपला संगणक तपासला. स्वच्छ होता. नऊच्या नऊ प्रोग्रॅम पुन्हा उतरवून पाहिले. निर्दोष होते. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हिरवं बटण!" ते बायकोला म्हणाले. "सगळ्यांनी हिरवं बटण दाबलंय. इतक्या स्पष्ट शब्दांत लिहूनसुद्धा! लोकांना मराठी वाचता येत नाही, दुसरं काय?"

"असेल," बायको म्हणाली. "मी वाचलेलं नाही."

रविवारी सभा पार्किंगमध्ये भरली. एरवी बारा माणसं जमत, त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. काटासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. सेक्रेटरींनी काचेच्या पेटीतून यादी काढून आणली होती, आणि ती दोन बोटांत अशी धरली होती, जशी लोक मेलेली पाल धरतात.

"विषय क्रमांक एक," सेक्रेटरी म्हणाले. "खालचा डावा कोपरा. माझा संगणक सुरक्षित आहे, कारण मी असल्या याद्या वाचत नाही. पण इतर सभासदांचं काय झालं ते सभेपुढे आहे. कोपरा रद्द करावा असं माझं मत आहे."

काटासाहेब उठले. आवाज खात्यातला होता.

"चूक ज्याची त्याने पदरात घ्यावी. मी सूचना दिली होती. स्वच्छ, सरळ. हिरवं बटण दाबू नये! आता कुणाला वाचता येत नसेल तर त्याला माझा इलाज नाही."

पार्किंगमध्ये गलका झाला. सेक्रेटरींनी हात वर केला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं, "ते... दाबून... ये."

"दाबू नये," काटासाहेब म्हणाले.

"दाबून. ये."

"दाबू..." काटासाहेबांनी कागद हातात घेतला. जवळ धरला. लांब धरला. कागद उलटा करून मागे बघितलं, तिथे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला.

"म्हणून तर आम्ही आलो!" आत्या मागून ओरडल्या. "दाबून! तीन मजले!"

"अरे-तुरे तर अरे-तुरे, पण शिक्का होता ना," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता चिडका नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "तुमचा 'तपासले'चा शिक्का बघून दाबलं हो. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर कशाला शंका घ्यायची?"

काटासाहेब उभेच होते. एकतीस वर्षांत कित्येक दुकानदार त्यांनी असे उभे केले होते, खोटं वजन हातात देऊन. ते लोक त्या वेळी कुठे बघत, हे त्यांना आठवलं. ते खाली, चपलांकडे बघत. काटासाहेबांनी चपलांकडे बघितलं.

तेवढ्यात बायको उठली. "आता मी वाचू का?" तिने विचारलं.

काटासाहेबांनी मान हलवली. तिने कागद घेतला, एका दमात वरून खाली नजर फिरवली आणि सभेला सांगितलं, "ही एकच चूक नाही. चार आहेत. 'उपयुक्त व'चं 'उपयुक्त वा' झालंय, एका ठिकाणी पूर्णविराम नाही आणि सातव्या प्रोग्रॅमचं नाव दोनदा आलंय."

कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. काटासाहेब हसले नाहीत, पण हसणाऱ्यांत काही जण आपल्या बाजूचे असावेत असं त्यांना अंधूक वाटलं.

"सभासदहो," ते म्हणाले. आवाज आता घरातला होता. "खोटं वजन सापडलं की आम्ही ते जप्त करत होतो आणि गिऱ्हाइकांची नुकसानी दुकानदाराने भरून द्यायची असा दंडक होता. वजन माझं होतं. उद्यापासून मी घरोघर येईन आणि जे शिरलंय ते माझ्या हाताने बाहेर काढीन. शिक्काही बायकोकडे देतो. कोपरा काढून घ्या."

कोपरा एकमताने काढून घेण्यात आला.

दोघं जिना चढू लागली. तिसऱ्याच्या वळणावर बायको म्हणाली, "चूक झाली त्याचं काही नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातूनसुद्धा सुटल्यात. एकदा एका मंत्र्याचं निधन एक दिवस आधी छापलं गेलं होतं."

"मग?"

"काही नाही, दुसऱ्या दिवशी खरं झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. ते तपासायचं यंत्र फुकट मिळालं म्हणून घेतलंत. मी काय भाड्याने आणली होती?"

काटासाहेबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि तिने ती घेऊ दिली.

सोमवारपासून काटासाहेब घरोघर फिरू लागले. काखोटीला वही, खिशात चष्म्याचं घर. आपण आता चोर पकडणारे नाही, घाण काढणारे आहोत, हे त्यांनी मनाशी स्पष्ट करून घेतलं होतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात घाबरट बाईला गप्प करायला अडीच तास लागले. ती जाता जाताही म्हणाली, "आपण फार मोठी चूक करत आहात." काटासाहेब म्हणाले, "त्याची सवय झालीय." आत्यांच्या पेल्याने त्यांना दोन दिवस झुंजवलं. आत्या पहिल्या दिवशी पाठ करून बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी बाजूला बसल्या. पेला निघाल्यावर त्यांनी रिकाम्या पडद्याकडे जरा वेळ पाहिलं. "तसा काढा वाईट नसणार," त्या म्हणाल्या. "नाव तेवढं लिहून ठेवा."

गाण्याच्या बाईंच्या टाळ्या काढल्या तेव्हा ती बेसूर विद्यार्थिनी रडली.

शनिवारी सगळं संपलं. वहीत घरांच्या नंबरांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. कोणी रागावलेलं उरलं नव्हतं, पण त्यांना कोणी काही विचारतही नव्हतं. लोक चहा देत, आभार मानत आणि दार लावून घेत. लोकांनी माफ केलं होतं. सल्ला मागणं ही निराळी गोष्ट, हे काटासाहेबांना समजत होतं. आपलं वजन गेलं, असं त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, आणि खोडलं.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. बेल असून टकटक. दारात सेक्रेटरी होते.

"जरा खाली येता?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "वही नको. एकटेच या."

सेक्रेटरींच्या घरात शिरल्यावर त्यांनी आधी दाराला कडी लावली, मग पडदे ओढले. आतल्या खोलीत टेबलावर संगणक होता, आणि त्याच्यावर जेवणाच्या टेबलाचं फुलाफुलांचं कापड घातलेलं होतं. सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहून ते उचललं.

पडद्यावर दोन मेणबत्त्यांच्या मधोमध लिहिलेलं होतं : 'अभिनंदन! आपण आमचे दहा लाखावे पाहुणे आहात. बक्षीस घरपोच येत आहे. कृपया संगणक बंद करू नका.'

"कधीपासून?" काटासाहेबांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून." सेक्रेटरींनी घसा खाकरला. "म्हणजे मी यादी वाचली नव्हती. लावताना जेवढी दिसली तेवढीच. बंद करू नका म्हणतोय, म्हणून अकरा दिवस बंद केला नाही. पत्ता दिला. बुटाचं माप दिलं. कॉलरचं माप मागितलं, तेही दिलं. मला वाटलं कपडे असतील."

काटासाहेब पडद्याकडे बघत राहिले. सभेत कागद दोन बोटांत धरणारा तो हात त्यांना आठवला. खात्यात असते तर याच क्षणी दोन साक्षीदार बोलावून पंचनामा केला असता, आणि तो जिन्याखालच्या पेटीत कुठल्या कोपऱ्यात लावायचा हेही त्यांना ठाऊक होतं. इमारत महिनाभर जेवली नसती, नुसती हसली असती.

"म्हणजे काही येणार नाही?" सेक्रेटरींनी विचारलं. आवाज इतका लहान होता की त्याला अर्धं पानसुद्धा पुरून उरलं असतं.

"नाही," काटासाहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

तासाभरात मेणबत्त्या विझल्या. सेक्रेटरींनी कापडाची नीट घडी घातली. काटासाहेब उठले, दारापर्यंत गेले आणि कडी काढू लागले.

"साहेब."

काटासाहेब थांबले.

"आलाच आहात तर..." सेक्रेटरी घडी उलगडून पुन्हा घालत होते. "पत्त्यांचं एखादं आहे का चांगलंसं? एकट्याने खेळायचं. विनामूल्य. ही गेल्यापासून संध्याकाळी वेळ जात नाही हो. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बघून सांगाल तर..."

काटासाहेबांनी कडी पुन्हा लावली. ते परत आले, खुर्चीत बसले, चष्मा काढून नीट पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना जरा वेळ लागला.

"हरल्यावर आवाज करणारं हवं की न करणारं?" त्यांनी विचारलं.

"न करणारं," सेक्रेटरी म्हणाले, आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणायला आत गेले.